हा राग कोणाचा?




गेल्या वर्षी बुद्ध पौर्णिमेच्या कार्यक्रमात मी एका तरुण मुलाला सर्वांसमोर फार वाईट बोलले. तुमच्यापैकी काहींनी ते ऐकले आहे, म्हणून ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

हॉलच्या स्वयंपाकघरात खिरीचे मोठे पातेले गॅसवर होते आणि ढवळण्याचे काम त्या मुलाकडे होते. तो नुकताच भारतातून इथे शिकायला आला होता. गावाकडून फोन आला म्हणून तो दोन मिनिटे बाजूला झाला आणि खीर खाली लागली. एवढेच झाले होते. वरची खीर दुसऱ्या भांड्यात काढून घेतली असती तर काम भागले असते. पण मी म्हणाले, "घरी काही शिकवलं की नाही तुला? आईनं असंच वाढवलं का?" आणि त्यापुढेही बोलतच राहिले. मला माझा आवाज ऐकू येत होता, पण तो थांबवता येत नव्हता. त्या मुलाने करपलेले पातेले घासून ठेवले आणि वंदना सुरू होण्याआधीच तो निघून गेला.

घरी परत येताना गाडीत माझा मुलगा मला समजावत म्हणाला, "आई, ते तू नाही बोललीस. त्या गोळ्या बोलल्या."

त्याच्या या एका वाक्यावर मी पुढे वर्षभर विचार केला. ते खरे आहे का? गोळ्यांमुळे आलेला राग माझा की गोळ्यांचा? आणि तो माझा नसेल, तर क्षमा कोणी मागायची? तुमच्या घरातही कोणी दम्यासाठी, सांधेदुखीसाठी, ल्युपससाठी किंवा आतड्याच्या आजारासाठी स्टिरॉइड घेत असेल, तर हा प्रश्न तुमच्याही दारात कधीतरी आला असेल. म्हणून हे लिहिते आहे.

आजार आणि औषध

मला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे. मोठ्या आतड्याला आतून सूज येते, जखमा होतात, दिवसातून पंधरा-वीस वेळा शौचाला जावे लागते आणि रक्त पडते. आजार कायमचा आहे. काही महिने शांत असतो, मग उसळतो. उसळला की प्रेडनिसोलोन नावाचे स्टिरॉइड सुरू होते. माझा डोस सकाळी नाश्त्यानंतर ४० मिलिग्रॅम, म्हणजे पाच मिलिग्रॅमच्या आठ गोळ्या. मग दर आठवड्याला एकेक गोळी कमी करत जायचे. बुद्ध पौर्णिमेला माझा तिसरा आठवडा चालू होता आणि मी ३० मिलिग्रॅमवर होते.

या औषधाने माझे रक्त पाच दिवसांत थांबवले, हे आधी सांगितले पाहिजे. आपल्या लोकांत स्टिरॉइड हा शब्द काढला की समोरचा घाबरतो. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रात काळ्या बुरशीने जे हाल केले, त्यात मधुमेह आणि स्टिरॉइडचा बेसुमार वापर यांचा हात होता, हे सर्वांना आठवते. पण त्याच्या एक वर्ष आधी, जून २०२० मध्ये, डेक्सामेथासोन या स्वस्त स्टिरॉइडने व्हेंटिलेटरवरच्या कोविड रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात, हे याच ब्रिटनमधल्या चाचणीने दाखवले होते. एकच औषध एका ठिकाणी तारते आणि दुसऱ्या ठिकाणी मारते. फरक पडतो तो मात्रेने, वेळेने आणि देखरेखीने. मध्यम मार्ग म्हणजे काय, हे मला पुस्तकापेक्षा या गोळीने अधिक नीट शिकवले.

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन लहान ग्रंथी असतात. त्या रोज कॉर्टिसोल तयार करतात. पहाटे ते वाढते, म्हणून आपल्याला जाग येते. रात्री उतरते, म्हणून झोप लागते. प्रेडनिसोलोन म्हणजे या कॉर्टिसोलचाच बलवान भाऊ. १९४८ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका रुग्ण स्त्रीला कॉर्टिसोन दिले आणि ती काही दिवसांतच चालू लागली. १९५० साली हेंच यांना केंडाल आणि राइखस्टाइन यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. पण औषधाचे दुसरे अंगही डॉक्टरांना लवकरच दिसू लागले. चेहरा गोल होतो, भूक आवरत नाही, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, त्वचा पातळ होते, मांड्यांतील जोर जातो, जंतुसंसर्ग लवकर होतो. आणि मन बदलते.

मन बदलते हे कोणी सहसा सांगत नाही. पहिल्या आठवड्यात मी पहाटे तीन वाजता उठून स्वयंपाकघरातील सगळे डबे धुऊन काढत होते. मला वाटत होते की मी फार बरी आहे, मला आता काहीही जमेल. संस्थेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री दोन वाजता लांबलचक सूचना पाठवत होते. ज्यांना त्या आल्या त्यांची माफी मागते. दुसऱ्या आठवड्यात तोच उत्साह चिडचिडीत बदलला. बॉस्टनमधील रुग्णालयांच्या पाहणीचे आकडे १९७२ साली प्रसिद्ध झाले. दिवसाला ४० मिलिग्रॅमपर्यंत प्रेडनिसोन घेणाऱ्यांत गंभीर मानसिक त्रास १.३ टक्क्यांना झाला होता, तर ८० मिलिग्रॅमच्या वर तो १८.४ टक्क्यांना झाला. हा गंभीर त्रासाचा हिशेब झाला. झोप न लागणे, रडू येणे, भडकणे हे किरकोळ त्रास याहून कितीतरी जास्त जणांना होतात. म्हणजे माझा मुलगा वैद्यकीयदृष्ट्या चुकीचे बोलला नव्हता. रागाचे कारण गोळीत होते.

पण कारण सापडले म्हणजे प्रश्न सुटला का?

दोन पळवाटा

मी आजारी पडले तेव्हा नागपूरहून एका नात्यातल्या बाईंचा फोन आला. माणूस प्रेमळ आहे, दीक्षाभूमीची वारी कधी चुकवत नाही. पण बोलता बोलता म्हणाल्या, "मागच्या जन्माचं काहीतरी राहिलं असेल गं बाई." मी फोन ठेवला आणि खूप वेळ बसून राहिले. आपल्या आजोबा-पणजोबांना हेच सांगितले गेले होते. तुम्ही गावकुसाबाहेर आहात, कारण मागच्या जन्मी तुम्ही पाप केले. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माने आजची स्थिती ठरते या सिद्धान्ताची चिरफाड केली आहे. गरीब आणि दीन लोकांच्या स्थितीची जबाबदारी राज्याला आणि समाजाला झटकता यावी, एवढाच त्या सिद्धान्ताचा उपयोग आहे, असे त्यांनी दाखवून दिले. बावीस प्रतिज्ञा घेऊन आपण दैवाची गाठोडी नदीत सोडली, पण आजारपण आले की त्यातले एखादे गाठोडे पुन्हा काठाला लागते.

संयुत्त निकायात मोळियसीवक नावाच्या परिव्राजकाशी तथागतांचा संवाद आहे. माणूस जे काही सुखदुःख भोगतो ते सारे पूर्वकर्मामुळेच, असे काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात. आपले मत काय, असे सीवक विचारतो. तथागत त्याला शरीराकडे बघायला सांगतात. काही वेदना पित्ताने होतात, काही कफाने, काही वाताने, काही तिन्ही बिघडल्याने, काही ऋतू बदलल्याने, काही हयगयीने, काही कोणी मारल्याने. कर्म हे या यादीतील शेवटचे, आठवे कारण. सर्व काही पूर्वकर्मानेच घडते असे म्हणणारे आपल्या अनुभवाच्या आणि जगाच्या माहितीच्या पलीकडे धावतात, असे ते स्पष्ट सांगतात. अडीच हजार वर्षांपूर्वी आजाराचे कारण शरीरात, हवामानात आणि वागण्यात शोधायला सांगणारा हा मार्गदाता आहे. आज ते असते तर यादीत आतड्याची सूज आणि प्रेडनिसोलोन यांनाही जागा मिळाली असती, असे मला वाटते.

ही झाली पहिली पळवाट: सगळे मागच्या जन्मावर टाकणे. ती ओळखणे आपल्याला सोपे जाते, कारण तिचे चटके आपण पिढ्यान्‌पिढ्या सोसले आहेत.

दुसरी पळवाट ओळखणे मला जड गेले, कारण ती विज्ञानाचा कोट घालून आली होती. सगळे रसायन आहे. मेंदूत कॉर्टिसोल वाढले, तोंडातून शब्द निघाले, मी मध्ये कुठेच नाही. ऐकायला आधुनिक वाटते. पण नीट बघा. पूर्वकर्मवाला म्हणतो, माझ्या हातात काही नाही, मागच्या जन्माने ठरवले. रसायनवाला म्हणतो, माझ्या हातात काही नाही, गोळीने ठरवले. दोघांचे शेवटचे वाक्य वेगवेगळे, पहिले मात्र एकच. अंगुत्तर निकायात तथागतांनी अशाच तीन मतांची झाडाझडती घेतली आहे: सर्व पूर्वकर्माने घडते, सर्व ईश्वराने घडवले, सर्व विनाकारण घडते. तिन्ही मतांवर त्यांचा आक्षेप एकच आहे. यांपैकी काहीही मानले की हे करावे आणि हे करू नये, असे म्हणायला आधार उरत नाही आणि माणूस प्रयत्न सोडून देतो.

मग जबाबदारी कुठे?

तथागतांनी कर्माची ओळख चेतनेवरून करून दिली. चेतना म्हणजे करण्याचा हेतू, ठरवणे. या कसोटीवर त्या दिवशीचे माझे बोलणे घासून बघितले तर काय दिसते? पातेल्याजवळ उभी असताना माझ्या छातीत जी आग उसळली, ती मी ठरवून आणली नव्हती. ती गोळीने आणली. तिचा दोष मला देऊ नका आणि मीही देत नाही. त्या मुलाच्या आईचा उद्धार करताना माझ्यात किती चेतना शिल्लक होती? थोडी असेल. आवाज ऐकू येत होता, म्हणजे ऐकणारे कोणीतरी जागे होते. पण तेवढ्यावर मी स्वतःला सुळावर चढवणार नाही.

खरी जबाबदारी मला तिथे सापडलीच नाही. ती सापडली आदल्या दिवशी. आदल्या रात्री मी तीन तास झोपले होते. मला ठाऊक होते की तिसरा आठवडा चालू आहे. त्या सकाळी घरात मी दोनदा भडकले होते. डॉक्टरांनी मला मनावरच्या परिणामांची कल्पना दिली होती. हे सर्व माहीत असताना मी शंभर माणसांच्या स्वयंपाकाची जबाबदारी घेतली आणि एकाही माणसाला सांगितले नाही की मी औषधावर आहे, माझा तोल जाऊ शकतो, माझ्यावर लक्ष ठेवा. का नाही सांगितले? लाज वाटली म्हणून. आतड्याचा आजार. शौचाचा आजार. असे कोणी चारचौघांत बोलते का? लोक म्हणत होते, "ताई, तब्येत सुधारली, गाल वर आले!" मी हसून म्हणत होते, "खाणं वाढलंय." चंद्र फक्त आकाशात गोल होत नव्हता, पण मी ते सांगितले नाही.

तर माझी चेतना इथे होती. माहीत असून लपवणे, हे मी पूर्ण शुद्धीत ठरवले होते. राग गोळीचा होता, लपवालपवी माझी होती. आणि त्या लपवालपवीतूनच तो राग त्या मुलापर्यंत पोहोचला.

कारण वेगळे आणि दोष वेगळा, हे भेद करायला तथागतांनी आपल्या शेवटच्या दिवसांत शिकवले. कर्मारपुत्र चुंदाच्या घरचे भोजन घेतल्यावर त्यांना रक्ताची हगवण लागली. कारण शोधले तर बोट चुंदाकडे जाते. पण तशा वेदनेतही त्यांना काळजी होती ती चुंदाची. लोक त्याला बोल लावतील आणि तो मनात कुढत बसेल, म्हणून त्याच्या मनातील खंत दूर करण्याचे काम त्यांनी आनंदावर सोपवले. दान चांगल्या हेतूने दिले होते. त्यातून काय निपजले याचा दोष त्याच्यावर नाही. मी हा प्रसंग लहानपणापासून ऐकत होते. स्वतःला रक्त पडू लागल्यावर तो पहिल्यांदा कळला.

चुंदाला दोष नाही, कारण त्याला माहीत नव्हते. मला माहीत होते. एवढाच फरक, पण सगळा फरक तोच.

क्षमा आणि खुलासा

कार्यक्रमानंतर दोन दिवसांनी मी त्या मुलाला मेसेज पाठवला. त्यात लिहिले की मी स्टिरॉइडवर आहे, त्यामुळे असे होते, मनावर घेऊ नकोस. त्याचे उत्तर आले, "ठीक आहे काकू." तो पुढच्या रविवारी आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

मेसेज पुन्हा वाचला तेव्हा माझ्या लक्षात आले की त्यात खुलासा होता, क्षमा नव्हती. उलट 'मनावर घेऊ नकोस' म्हणून मी त्यालाच एक काम दिले होते. मग मी फोन केला. म्हणाले, "बाळा, तुझी चूक दोन मिनिटांची होती, माझी मोठी होती. औषधानं मी चिडते हे मला ठाऊक होतं. तरी झोप झालेली नसताना मी तिथं उभी राहिले आणि कुणाला सांगितलं नाही. तुझ्या आईबद्दल बोलायला नको होतं. ते माझं चुकलं." तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "काकू, आता तुमची तब्येत कशी आहे?" वर्षावास सुरू झाल्यावर एका रविवारी तो उशिरा आला आणि मागे बसला. मी काही बोलले नाही. खीर मात्र वाढली.

तुम्ही औषधावर असाल आणि तुमच्या हातून असे काही घडले, तर माझी विनंती आहे: औषधाचे कारण जरूर सांगा, पण ते क्षमेच्या नंतर सांगा आणि क्षमेऐवजी सांगू नका. आणि तुम्ही समोरचे असाल, तर गोळीचे कारण खोटे समजू नका. ते खरे असते.

जे मला उपयोगी पडले

उपदेश करण्याइतकी माझी योग्यता नाही. पण सहा वर्षांत तीन वेळा हा फेरा झाला आहे, म्हणून काही गोष्टी सांगते.

पहिली गोष्ट, घरच्यांना आधीच सांगा. आमच्या फ्रिजवर मी आता डोस आणि आठवडा लिहून ठेवते. ज्या सकाळी झोप झालेली नसते, त्या सकाळी शेजारी एक फुली मारते. माझे पती आणि मुलगा फुली बघून वाद दुसऱ्या दिवसावर ढकलतात. मोठे निर्णय, पैशांचे व्यवहार आणि रात्री नऊनंतरचे मेसेज मी वरच्या डोसच्या आठवड्यांत बंद ठेवते. डॉक्टरांनी वेगळे सांगितले नसेल तर गोळ्या सकाळीच आणि काहीतरी खाऊन घ्या. दुपारनंतर घेतल्या तर झोप आणखी उडते.

दुसरी गोष्ट चित्तानुपस्सनेची. सतिपट्ठानात द्वेषयुक्त चित्ताला द्वेषयुक्त चित्त म्हणून जाणण्याचा अभ्यास सांगितला आहे. मी तो माझ्या भाषेत करते. 'मी रागावले आहे' असे न म्हणता 'राग आला आहे' असे म्हणते. पाहुणा आला आहे, तो जाईल, डोस उतरला की बॅग उचलेल. अनत्त म्हणजे काय हे प्रवचनात ऐकून डोक्यावरून जायचे. पाच मिलिग्रॅमची गोळी कमी झाल्यावर जग बरे वाटू लागते, हे पाहिल्यावर 'माझा स्वभाव' नावाच्या गोष्टीवर पूर्वीइतका विश्वास ठेवता येत नाही. आणि इतरांच्या स्वभावावर शिक्के मारायचीही सवय कमी होते.

पण इथे एक इशारा. सलग काही रात्री झोपच लागली नाही, नसलेले दिसू किंवा ऐकू येऊ लागले, कोणी आपल्या मागावर आहे असे वाटू लागले किंवा जगू नये असे विचार आले, तर ध्यानाला बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. ब्रिटनमध्ये १११ ला फोन करा, जिवाला धोका असेल तर ९९९ ला. यात साधना कमी पडली असे काही नाही. हा औषधाचा परिणाम आहे आणि त्यावर उपचार आहेत.

तिसरी गोष्ट, गोळ्या मनाने बंद करू नका. मी केल्या होत्या. जूनमध्ये नात्यात लग्न होते, फोटोत तोंड भोपळ्यासारखे दिसू नये म्हणून १५ मिलिग्रॅमवर असताना एकदम थांबवल्या. तिसऱ्या दिवशी चक्कर, उलट्या आणि अंगात त्राण नाही. बाहेरून कॉर्टिसोलसारखे औषध मिळत राहिले की शरीरातील ग्रंथी काम थांबवतात. तीन-चार आठवड्यांहून अधिक काळ औषध घेतले असेल तर त्यांना पुन्हा जागे व्हायला वेळ लागतो, म्हणून मात्रा हळूहळू उतरवायची. एकदम थांबवणे जिवावर बेतू शकते. ताप आला किंवा उलट्या होऊन गोळी पोटात टिकत नसेल, तर त्याच दिवशी विचारा. इंग्लंडमध्ये २०२० पासून स्टिरॉइड इमर्जन्सी कार्ड देतात. तुम्हाला ते लागते का ते विचारा आणि लागत असेल तर पाकिटात ठेवा. लग्नाला मी गेलेच नाही, हे वेगळे सांगायला नको.

चौथी गोष्ट, साखर आणि हाडे. आपल्या दक्षिण आशियाई लोकांना मधुमेह लवकर गाठतो. सकाळी स्टिरॉइड घेतले की साखर बहुधा दुपारनंतर चढते, म्हणून फक्त उपाशीपोटीची तपासणी पुरत नाही. इथल्या उन्हात आपल्या सावळ्या कातडीला ड जीवनसत्त्व कमी मिळते. गडद वर्णाच्या लोकांनी वर्षभर रोज १० मायक्रोग्रॅम घ्यावे, असा इथल्या आरोग्य खात्याचा सल्ला आहे. स्टिरॉइड घेणाऱ्यांनी हाडांसाठी आणखी काही लागेल का, हे विचारावे. आणि सुट्टीत भारतात गेल्यावर औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय स्टिरॉइड आणू नका. कोणी सांधेदुखीवर जादूसारखी गुणकारी बिननावाची पुडी दिली, तर तिच्यात स्टिरॉइड मिसळलेले असू शकते.

एका उपासिकेने मला हळूच विचारले, "मनावर परिणाम करणारी वस्तू घेतल्यानं पाचवं शील मोडत नाही का?" प्रश्न प्रामाणिक होता. पाचवे शील प्रमादाचे कारण होणाऱ्या मादक पदार्थांपासून दूर राहण्याचे आहे. औषध ही तर चीवर, भिक्षान्न आणि निवारा यांच्या बरोबरीने भिक्खूच्या चार गरजांत मोजली आहे. आपण गोळी धुंदीसाठी घेत नाही. मात्र बेपर्वाईने घेणे, मनाने थांबवणे, परिणाम माहीत असून लपवणे, यात प्रमाद आहे. तो टाळणे हेच माझ्यापुरते पाचवे शील.

बाबासाहेबांचे उदाहरण

कोणी आजारी असले की आपण पटकन म्हणतो, बाबासाहेबांनी एवढ्या आजारपणात ग्रंथ लिहिला, तुला काय झाले? हे म्हणण्यामागे प्रेम असते, पण आजारी माणसाला ते कधी कधी काठीसारखे लागते. बाबासाहेबांना मधुमेह होता, पायांच्या वेदना होत्या, हे खरे. पण ते इन्सुलिन घेत होते, पथ्य पाळत होते आणि दुसऱ्यांची सेवा स्वीकारत होते, हेही खरे. १९५६ साली लिहिलेल्या प्रस्तावनेत त्यांनी, विझू लागलेली आपली ज्योत पुन्हा पेटवल्याचे श्रेय पत्नी डॉ. सविता आणि डॉ. मालवणकर यांच्या वैद्यकीय कौशल्याला दिले आहे. एवढा मोठा माणूस आजारपण लपवत नाही आणि औषधाचे ऋण मान्य करतो. आजारी माणसाने बाबासाहेबांकडून घ्यायचे ते हे.

शुश्रूषा करणारे आणि करून घेणारे

शेवटी महावग्गातील एक प्रसंग. एका भिक्खूला पोटाचा विकार झाला होता आणि तो आपल्याच मलमूत्रात पडला होता. तो इतरांच्या काही कामी येत नसे, म्हणून कोणी त्याच्याकडे बघत नव्हते. तथागत आणि आनंद तिथे आले. तथागतांनी पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले. एकाने डोक्याकडून, दुसऱ्याने पायांकडून धरून त्याला मंचकावर निजवले. मग तथागतांनी भिक्खूंना गोळा करून समज दिली. इथे तुम्हाला आई नाही, बाप नाही; तुम्ही एकमेकांची शुश्रूषा केली नाही तर कोण करील? माझी सेवा करू इच्छिणाऱ्याने आजाऱ्याची सेवा करावी.

त्या भिक्खूचा आजार जवळजवळ माझाच. आणि ज्यांच्या पूर्वजांकडून दुसऱ्यांची घाण जबरदस्तीने उपसून घेतली गेली, त्यांनी हे दृश्य डोळ्यांपुढे आणावे: स्वतः तथागत पाणी ओतत आहेत. त्यांनी कोणाला खालच्या कामाला लावले नाही. ही कृती पाहिल्यावर आजाराची लाज कशाला धरायची, हे मला कळेनासे झाले.

त्याच ठिकाणी चांगल्या रुग्णाची पाच लक्षणे सांगितली आहेत. तो स्वतःला हितकारक ते करतो, त्यात प्रमाण ओळखतो, औषध घेतो, आजार वाढतो आहे की उतरतो आहे हे शुश्रूषा करणाऱ्याला खरे सांगतो आणि वेदना सोसतो. सोसणे आपल्याला येते. ते आपल्याला पिढ्यांनी शिकवले. खरे सांगणे मात्र आपण विसरतो.

इथे परदेशात आपल्यालाही आई-बाप जवळ नाहीत. म्हणून संस्थेच्या सभेत मी एक छोटा प्रस्ताव ठेवणार आहे. आजारी सभासदाला डबा पोहोचवणारे, दवाखान्यात सोबत जाणारे, इंग्रजीत बोलायला मदत करणारे, अशा स्वयंसेवकांची यादी करू. कोणाचा चेहरा गोल दिसला तर त्यावर बोलण्याऐवजी 'बरं वाटतंय ना?' एवढे विचारू. आणि कोणी कारण नसताना भडकले, तर त्याला दूर करण्याआधी त्याच्या औषधांची चौकशी करू.

माझा आजार पुन्हा उसळेल. गोळ्या पुन्हा सुरू होतील आणि राग पुन्हा येईल. तेव्हा तो गोळीचा असेल. पण तो येणार आहे हे तुम्हाला आज सांगून ठेवणे माझ्या हातात होते, म्हणून सांगितले.

सर्वांचे मंगल होवो.

जय भीम. नमो बुद्धाय.